दादूसचं जाळं

पनवेल
रविवार, ८ डिसेंबर २०१३

माझी भामाबाय,

गेल्या महिन्यातल्या त्या रविवारी मी पाणी भरलं, डब्याच्या तळाचं तांदळाचं पीठ झटकून दोन भाकऱ्या थापल्या, कोळंबी सोलली आणि तिची डोकी शेजारच्या मांजरीला टाकली. मग गॅलरीतल्या दोरीवरच्या साड्या काढून घड्या घालायला लागले. सगळं रोजचंच. पण घड्या घालता घालता मी गुणगुणत होते म्हणे. समोरच्या खोलीतली बाई हसून म्हणाली, "काय गंगाबाय, कुनाचं लगीन हाय का?" मी म्हटलं, "नाय गो. आज आमचं जाळं खाडीवर गेलंय."

नमस्कार करायचा राहिलाच. तुला आणि आपटा गावच्या घरातल्या सगळ्यांना नमस्कार. तुझा गुडघा आता चालू देत असेल असं धरून चालते. फोनवर तू लगेच रडतेस आणि मी लगेच ठेवते, म्हणून हे पत्र. मी लिहायला बसले की पुस्तकासारखं लिहिते, त्याला हसू नकोस. तू चौथी शिकलीस, मी दुसरी. उरलेलं मी वाचनालयात शिकले.

तू फोनवर त्या जाळ्याबद्दल म्हणालीस ते माझ्या कानातून गेलेलं नाही. "वयनी, माझ्या दादूसचा पाग तू दुकानात मांडलास? भिंतीवर काय जागा कमी पडली व्हती गो तुला? आनि तो फाटला पन?"

भामाबाय, ते दुकान नाही. म्युझियम आहे. बाजाराच्या मागे भाताची गिरणी होती बघ, जिथे तुझे बाबा बैलगाडीतून भात आणायचे. ती बंद पडून बरीच वर्षं झाली. मालकाने ती एका ट्रस्टला दिली आणि गेल्या वर्षी तिथे म्युझियम सुरू झालं. विमानतळासाठी जी गावं उठायची आहेत, जिथे बिल्डर आलेत, तिथली माणसं टेम्पोने वस्तू आणून देतात. फ्लॅटमध्ये जातं कुठे मांडणार आणि मुसळ कुठे उभं करणार? हे सगळं बघणारी मुलगी आहे किशोरी. तिशीची, चष्मा, कायम पायात बूट. तिची माझी ओळख वाचनालयात झाली. एक दिवस म्हणाली, "मावशी, तुम्ही आठवड्यातून तीन दिवस आमच्याकडे बसाल का?" सुक्या मासळीच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत मी वाचायला शिकले, मला असं कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. बसते. पंख्याखाली छान खुर्ची आहे.

या म्युझियमची रीत निराळी आहे. काचेची कपाटं अगदी थोडी. बाकी वस्तूंना हात लावायचा. आणि एक लांब फळी आहे, तिच्यावरच्या वस्तू लोकांनी घरी न्यायच्या आणि परत आणून द्यायच्या, वाचनालयात पुस्तक नेतो तशा. त्यात सगळ्यात मागणी आहे जात्याला. तुळशीचं लग्न लागलं आणि जातं काही जागेवर राहीना. आपल्या लोकांना हळदीला जातं पुजायला लागतंच, आणि ते घरात राहिलंय कुणाकडे? परवा खारघरला चौथ्या मजल्यावर गेलं. वॉचमन लिफ्टपाशी अडवायला लागला, "सामान लिफ्टमध्ये चालत नाही." नवरीची आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सामान नाय रे, म्युझियम हाय. हो बाजूला." आणि गेलं वर!

जातं परत आलं ते फटींतून हळद भरून. आमचे एक ट्रस्टी आहेत, कृष्णकांत सर, बँकेतून रिटायर झालेले. त्यांनी डोक्याला हात लावला. "किशोरी, ही ऐतिहासिक वस्तू आहे. हिच्यावर हळद?" किशोरी म्हणाली, "सर, जात्यावर हळद नसेल तर मग कशावर असणार?" माणूस वाईट नाही. रोज येतात, फिरून पाहतात, छपराचं गळकं पत्र्याचं पान त्यांनीच बदलून घेतलं. पण त्यांना वाटतं, म्युझियम म्हणजे शांत जागा, तिथे वस्तू जशी आली तशीच राहिली पाहिजे.

तर तुझ्या दादूसच्या माघारी राहिलेलं ते जाळं दिवाळीत मी तिथे दिलं. कुठल्या फळीवर ठेवायचं ते त्यांचं त्यांनी ठरवलं. मग तुझ्या कल्पेशने ते एका रविवारी नेलं. तळोज्याची रात्रपाळी संपवून, न झोपता, कंपनीतल्या दोघांना घेऊन गेला. खाडीत आता लोक पाडलेल्या घरांचा राडारोडा आणून ओततात. चिखलात लोखंडी सळ्या असतील हे त्याला दिसणार कसं? जाळं अडकलं, त्याने ओढलं, आणि हातभर फाटलं. त्याने ते खताच्या गोणीत भरून गिरणीच्या रखवालदाराकडे दिलं आणि तो गेला. त्यानंतर तो माझ्याकडे आलेला नाही. फोन उचलत नाही. तू त्याला काय बोललीस ते मी विचारत नाही, पण त्याला म्हणावं, मामीकडे जेवायला ये. पोरगा आठवीपासून माझ्या ताटात जेवलाय. जाळ्यापायी ताट सुटायला नको.

आता पुढचं. कृष्णकांत सर म्हणतात, "मी आधीच सांगत होतो." जानेवारीत ट्रस्टची मीटिंग आहे. त्यांचं म्हणणं, एका जाळ्याला जो नियम तोच सगळ्या वस्तूंना. जाळं कपाटात गेलं तर सगळंच कपाटात जाईल, वस्तू घरी देणं बंद. आणि म्युझियमचा नियम असा, की वस्तू ज्याने दिली त्याचा शब्द शेवटचा. म्हणजे माझा.

मी अजून काही ठरवलेलं नाही. तू जाळं कुणाला नेऊ देऊ नको म्हणशील, घरी आणून टांग म्हणशील. तेही ऐकलं आहे.

गुडघ्याला निरगुडीचा पाला बांध. थंडी पडली आहे.

तुझी वयनी,
गंगा


पनवेल
रविवार, २२ डिसेंबर २०१३

भामाबाय,

तुझं उत्तर नाही, पण कल्पेश आला. म्हणजे उत्तरच की. दारात उभा राहिला, चपला काढीना. मी म्हटलं, "आत ये, की गोणीत भरून आणायला लागेल तुला?" तेव्हा हसला. मग बोंबलाची आमटी आणि भात खाऊन तिथेच भिंतीला टेकून झोपला, तो चारपर्यंत. झोपेत अगदी लहान दिसतो अजून. अंगाला त्या कंपनीचा वास येतो, साबणाने जात नाही म्हणतो.

तो झोपलेला असताना मी ठरवलं की तुला खरं लिहायचं. गेल्या पत्रात मी दोन गोष्टी वळणावरून नेल्या. जाळं नेण्याच्या फळीवर ठेवा असं मीच सांगितलं. किशोरी तर म्हणाली होती, "मावशी, काकांची आठवण आहे, आपण काचेच्या कपाटात ठेवू." मी नको म्हटलं. आणि कल्पेशने आपणहून नेलं नाही. मीच त्याला फोन केला. रविवारी ओहोटी चांगली आहे, येऊन घेऊन जा, म्हटलं. तेव्हा त्याला बोलू नकोस. बोलायचं तर मला बोल.

का सांगितलं, तेही लिहिते. बोलायला जमलं नसतं.

तुझा दादूस गेला तो रविवार तुला ठाऊक आहे, पण तू आलीस तेव्हा दुपार झाली होती. सकाळी तो खाडीवरून आला, जाळं बादलीत ठेवलं, म्हणाला, "जरा पडतो." चहा टाकला तोवर संपलं होतं. मग माणसं जमली, डॉक्टर आला, तू आलीस. जाळं बादलीत तसंच ओलं. तिसऱ्या दिवशी त्याचे खाडीवरचे सोबती बुधाजीभाऊ आले, त्यांनी ते पाहिलं आणि गॅलरीत वाळत टाकलं. मी आतून बघत होते. दुपारपर्यंत त्यातून थेंब पडत होते, खाली जमिनीवर गोल डाग होता. संध्याकाळी डाग नव्हता. मला तेव्हा वाटलं, आता गेला. चितेपाशी वाटलं नव्हतं.

मग पाच वर्षं ते खुंटीवर. मी रोज त्याच्याकडे पाहायची. कोरडं जाळं फार कोरडं दिसतं, भामाबाय. मासळीचा वास गेला, चिखलाचा गेला, नुसता धुळीचा राहिला. मला ते एकदा ओलं झालेलं हवं होतं. दुसरं काही नाही. म्हणून त्या सकाळी गुणगुणत होते.

आता तुला त्याची आजची अवस्था सांगते, म्हणजे डोळ्यांपुढे येईल. किशोरीने गिरणीतल्या लांब टेबलावर पांढरी चादर घातली आणि जाळं गोल पसरलं. वर मोठा दिवा. तिने आधी त्यात डांबराच्या गोळ्या टाकून ठेवल्या होत्या, कसर लागू नये म्हणून. बुधाजीभाऊ बघायला आले तर नाक धरून म्हणाले, "किशोरीबाय, आता या पागात बोईट मासा येनार नाय, मावश्यांच्या रेशमी साड्या येतील." ती बिचारी लाजली, गोळ्या काढल्या.

मग तिने कॅमेऱ्याने शेकडो फोटो काढले आणि त्यांचं कॉम्प्युटरवर काहीतरी करून एका पाटीएवढ्या काचेवर जाळं आणलं. बोट फिरवलं की जाळं फिरतं. दोन बोटं लांब केली की गाठ मोठी होते, सुपारीएवढी. म्हणाली, "मावशी, पुढे म्युझियमं अशीच होतील. अमेरिकेतला माणूसही हे जाळं बघेल." मी बराच वेळ फिरवलं. छान आहे, खोटं कशाला बोलू? मी विचारलं, "यात तो फेकताना काठ दातात धरायचा, ते कुठे आहे?" तिने विचारलं, "दातात?" मग मी उभी राहून दाखवलं. एका हाताला दोरी, एका खांद्यावर निम्मं जाळं, काठ दातात, आणि अशी गिरकी. कृष्णकांत सर दारातून आत येत होते, ते तिथेच थांबले. मी साडीचा पदर फेकून परत खुर्चीत बसले. किशोरी म्हणाली, "मावशी, पुन्हा कराल? शूट करते." मी म्हटलं, "कल्पेशचं कर. त्याला त्याच्या मामाने शिकवलंय. मी फक्त बघत आलेय."

नंतर चहा घेताना ती एक गोष्ट बोलली, ती माझ्या डोक्यात बसली आहे. म्हणाली की पन्नास वर्षांनी कदाचित म्युझियमला इमारतच नसेल. वस्तू ज्याच्या त्याच्या घरी असतील, वापरात असतील. म्युझियम फक्त एवढंच सांभाळेल की काय कुणाकडे आहे, ते कसं वापरायचं हे कुणाला येतं, आणि कुणाला हवं असलं तर मागायचं कुणाकडे. ती फार नवीन काहीतरी सांगितल्यासारखी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "म्हणजे गाव."

"म्हणजे?"

"अगं, मोठं पातेलं कुणाकडे, पाट कुणाकडे, बाळंतिणीची खाट कुणाकडे, ते आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक असायचं. लग्न निघालं की जाऊन आणायचं. परत करताना धुऊन, आत मूठभर तांदूळ घालून द्यायचं. भांडणं व्हायची, पण वस्तू फिरायच्या."

तिने वही काढली. मग तिने ते लिहून घेतलं. मला हसू आलं, कारण मला एवढंच म्हणायचं होतं की तिची कल्पना मला पटली.

आता तुझ्याकडे काम आहे. त्या काचेवर गाठी मोठ्या करून बघताना किशोरीला दिसलं की जाळ्यात दोरा तीन तऱ्हेचा आहे. थोडा काळपट तांबडा, ऐनाच्या सालीत उकळलेला, तो तुझ्या बाबांचा असणार. जास्त करून पिवळा पडलेला नायलॉन, तो दादूसचा. आणि कडेला, शिशाच्या गोळ्यांच्या जरा वर, एक तुकडा आहे तिथे गाठी उलट्या फिरतात. दोरा दादूसचाच, पण गाठ आरशात बघावी तशी. किशोरीने मला विचारलं, "काका कधी डाव्या हाताने काम करायचे?" मी नाही म्हटलं. बुधाजीभाऊंनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "ही डावखुऱ्याची गाठ. घरात डावखुरं कोन व्हतं?"

भामाबाय, जेवताना डावा हात पुढे केला म्हणून तुला बाबांनी किती वेळा पाटावरून उठवलं होतं, ते दादूस हसून सांगायचा. ही गाठ तुझी का? तू जाळ्याला हात लावलास हे त्याने मला कधी सांगितलं नाही. आपल्यात बायका मासळी विकतात, निवडतात, वाळवतात. जाळं पुरुष सांधतात. मी तर तीस वर्षांत एक गाठ मारली नाही.

आणि दुसरं. बुधाजीभाऊंनी फाटलेली जागा पाहिली. म्हणाले, सांधता येईल, पण आधी कापावं लागेल. लोंबणारे सगळे दोरे, अर्धवट गाठी, पार चांगली गाठ लागेपर्यंत कापायच्या, भोक दुप्पट होईल, मगच नवा दोरा घालता येतो. त्या सगळ्या गाठी तुझ्या दादूसच्या. नवा दोरा निळा मिळतो आता, बाजारात दुसरा नाहीच.

कृष्णकांत सरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, "गंगाबाई, तुम्ही नाही म्हणा. आपण फाटलेलंच ठेवू. सागवानी कपाट करून घेतो, आत दिवा, खाली पितळी पाटीवर यजमानांचं नाव. त्यांनी मारलेली एकही गाठ कुणी हलवणार नाही. माझ्यावर सोडा."

स्वतःच्या आईचं कपाट त्यांनी असंच ठेवलं आहे, त्यांनीच सांगितलं मला. आत तिचा चष्मा आणि अडकित्ता. 

तुला सांगते, मला ते कपाट हवंसं वाटलं. अजूनही वाटतं. तीन दिवस मी त्या पितळी पाटीवरची अक्षरं मनात वाचते आहे. एकीकडे म्हणते जाळं ओलं व्हावं, आणि कात्रीचं नाव काढलं की मी विषय बदलते. बुधाजीभाऊंच्या नातीची हळद जानेवारीच्या शेवटी आहे, त्यांनी जातं आत्ताच सांगून ठेवलंय. मी नाही म्हटलं तर तेही जाणार नाही. तरी मला कपाट हवंय. अशी आहे मी.

तू मोठ्या माणसासारखी सांग, काय करू? फोन केलास तर ठेवणार नाही. शब्द देते.

गंगा


पनवेल
शनिवार, ११ जानेवारी २०१४

माझी भामाबाय,

तुझा फोन ठेवला तेव्हा माझा कान गरम झाला होता. मधेच तुझे पैसे संपले म्हणून मी लावला, तर मलाही बाळूच्या दुकानातून दुसऱ्यांदा रिचार्ज करावं लागलं. तू रडली नाहीस आणि मी ठेवला नाही. तुझ्या दादूसला सांगितलं असतं तर म्हणाला असता, "दोघींना ताप आला काय?"

तू जे बोललीस ते मी इथे लिहून ठेवते, म्हणजे मला नीट समजलं का ते तुला बघता येईल.

ती गाठ तुझीच. मी त्या घरात यायच्या आधी, तुझं लग्न ठरलं त्या पावसाळ्यात, दादूसच्या हाताला शिंगाळा माशाचा काटा लागून हात सुजला होता आणि जाळं फाटलेलं होतं. त्याने दार लावून घेतलं आणि तुला म्हणाला, "भामे, तू बस. बाबांना बोलू नको." तू रडलीस, कारण आधी कापायला लागणार होतं आणि ते दोरे बाबांचे होते, बाबांनी तुमच्या आईबरोबर सालीत उकळलेले. तू कात्री धरेचना. तेव्हा तो चिडला. "अगो, बाबानी पन आज्याच्या गाठी कापल्यान. कुनी कापल्या नसत्या तं पाग आपल्यापरेंत आला असता का?"

आणि मग तू मला म्हणालीस, "वयनी, मी तवा कापलं. आता तुजी पाळी."

मी विचारलं, "तुला वाईट नाही वाटणार?"

"वाटंल की. मंग काय करू? तू कपाटात ठेव, तरी वाटंल. मना फक्त एक सांग, तो निळा दोरा लय भडक हाय का?"

"भडक आहे."

"असूं दे. दादूसला निळा रंग आवडं."

त्याला निळा आवडायचा हे मला माहीत नव्हतं. तीस वर्षं संसार केला आणि हे तू फोनवर सांगितलंस. त्याचे सगळे शर्ट पांढरे होते. मी आणायचे ना.

आज मीटिंग झाली, आता तुला तिची हकिकत. जेवून लगेच लिहायला बसले आहे.

ट्रस्टी पाच, किशोरी, मी आणि भजी. कृष्णकांत सरांनी व्यवस्थित टाइप करून आणलं होतं. त्यांचं म्हणणं ऐकताना मला त्यांचा राग आला नाही. म्हणाले, "आज जाळं फाटलं. उद्या जातं फुटेल, परवा समई हरवेल. पन्नास वर्षांनी येणाऱ्या मुलाला आपण काय दाखवणार? रिकामी फळी?" प्रश्न खरा आहे.  किशोरीने काचेवरचं जाळं फिरवून दाखवलं, म्हणाली, फाटण्याच्या आधीचं आणि नंतरचं दोन्ही आपल्याकडे राहील, आणि कुणी नेलं, कुठे फाटलं, कुणी सांधलं, हेही वस्तूबरोबर लिहीत जाऊ. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी काय बोलले ते फार मोठं नव्हतं. मी म्हटलं, "सर, तुमचं कपाट मला आवडलं होतं. मनात मी त्यात जाळं ठेवूनही पाहिलं. पण ते पन्नास वर्षांनंतरचं पोरगं आलं, तर त्याला माझ्या नवऱ्याचं नाव दिसेल आणि एक फाटलेलं जाळं. त्याला वाटेल, हा माणूस जाळं फाडून ठेवायचा."

एक ट्रस्टी जोरात हसले. कृष्णकांत सरही हसले, पण उशिरा.

मी म्हटलं, "तो सांधायचा. त्याचा तो गुण होता. फाटलं की त्याच दिवशी सांधायचा, दुसऱ्या दिवशी फेकायचा. तेच दाखवायचं असेल तर सांधायला लागेल."

सर म्हणाले, "पण मग त्यांच्या गाठी जातील, गंगाबाई."

मी म्हटलं, "हो. जातील."

एवढंच म्हणता आलं. खाली बघत होते, समोरच्या भज्यांवर मिरची किती मोठी आहे तेच दिसत होतं. नंतर सर म्हणाले, "ठीक आहे. मग एक दुरुस्ती सुचवतो. वस्तू द्यायच्या, पण नेणाऱ्याला आधी ती वापरायला शिकवल्याशिवाय द्यायची नाही. आणि जाळं न्यायचं असेल तर खाडीत सळ्या कुठे आहेत त्याचा नकाशा आपण करू. मी स्वतः जाऊन बघतो." किशोरीने चष्मा काढून पुसला. सगळ्यांनी हात वर केले. बँकेतला माणूस गुडघाभर चिखलात सळ्या शोधणार आहे, भामाबाय. बुधाजीभाऊ त्यांना घेऊन जाणार आहेत आणि आत्तापासून हसताहेत. जातं हळदीला जाईल हे मी त्यांना लगेच सांगितलं.

उतरताना सर जिन्यात थांबले. म्हणाले, "आईचा अडकित्ता वापरून बघावा म्हणतो. गंजला नसेल तर." मी म्हटलं, "खोबरेल लावा आधी."

उद्या सकाळी जाळं सांधायचं ठरलंय. तुझ्या गुडघ्याने जमलं असतं तर तुला बोलावलं असतं. हे पत्र मुद्दाम टपालात टाकत नाही, उद्याचं त्यात लिहून मग टाकीन.

रविवार, १२ जानेवारी, दुपारी

भामाबाय, आज गिरणीत गेले. कल्पेश रात्रपाळीवरून सरळ आला होता, त्याने आणि बुधाजीभाऊंनी दोन्हीकडून जाळं ताणून धरलं. मी कात्री घेतली आणि गाठी कापल्या. सगळ्या मीच कापल्या, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मग भाऊ बांबूच्या सुईने निळा दोरा घालत गेले, आणि कडेची एक गाठ त्यांनी माझ्याकडून मारून घेतली. पहिल्यांदा सुटली. दुसऱ्यांदा मारली ती कल्पेशने ओढून पाहिली, टिकली.

तुझी,
गंगा